जुलैचा ढग

“ती जुलैची तारीख घे ना,” हितेंद्र सर म्हणाले. “फार सुंदर उदाहरण आहे ते.”

ते डब्यातली मेथी पोळीत गुंडाळत होते आणि सहज बोलले होते. रश्मी “घेते” म्हणाली, तिने आपला डबा बंद केला आणि बेसिनवर जाऊन उगाचच बराच वेळ हात धूत राहिली. पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला माणसं येणार होती. जिल्ह्याजिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांतली, बंदरांवरची, शिवाय दोघंतिघं कॉलेजातले शिक्षक. उपग्रहाची चित्रं कशी वाचायची, त्यावरून इशारा कधी द्यायचा आणि तो लोकांपर्यंत कसा पोचवायचा, हे त्यांना शिकवायचं होतं. हवामान कार्यालयातलं हे काम गेली काही वर्षं रश्मीकडेच होतं, कारण तिला साधं बोलता यायचं. सरांचं काहीच चुकलेलं नाही, असं ती हात पुसताना स्वतःला समजावत होती. हवामानाच्या माणसाला ढग सुंदर दिसतोच. तिलाही दिसायचा. समुद्रावर सकाळी विखुरलेले पांढरे दाणे दुपारपर्यंत एकमेकांना चिकटत जातात, मधला भाग गार होत होत उंच चढतो आणि कडा धुरासारखी पसरते, ते बघताना नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या अंगावर काटा आला होता. पण या ढगाखाली जाईबाई होती, आकांक्षा होती. सरांनाही ते ठाऊक होतं. म्हणजे एके काळी ठाऊक होतं. आता जानेवारी चालू होता आणि त्यांच्या डब्यात मेथी होती.

टेबलाशी येऊन तिने ती तारीख उघडली. जुलैनंतर पहिल्यांदाच. दर अर्ध्या तासाचं एक चित्र, अशी ओळीने लावलेली चित्रं पडद्यावर हलायला लागली. किनाऱ्याची पिवळी रेघ, तिच्या डावीकडे काळा समुद्र, आणि त्यातून येणारा तो. आवाज नाही, वारा नाही. पांढरा डाग येतो, मुंबईवर बसतो, बसून राहतो, संपतो, आणि पुन्हा पहिल्यापासून येतो. तिने खुर्ची मागे घेतली. या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ चार किलोमीटर. लालबागचं तिचं घर, परळची इस्पितळं, नायगाव, वडाळ्याचा अर्धा रस्ता हे सगळं एका नाहीतर दोन ठिपक्यांत संपतं. त्या दुपारी ती इथेच याच खुर्चीत होती, वडील घरी खिडक्या लावून टीव्ही बघत होते, आणि शेजारच्या ठिपक्यात अँटॉप हिलच्या उतारावर दरडीला लावलेली जुनी भिंत पाण्याने फुगत होती. उपग्रहाला ती भिंत दिसत नाही. कुठलीच भिंत दिसत नाही. हे ती प्रशिक्षणात दरवर्षी सांगायची आणि लोक हसायचे.

जाईबाईची ओळख त्याआधीच्या उन्हाळ्यातली. पावसाळ्यापूर्वी कार्यालय वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रम घ्यायचं. रश्मी त्याच टेकडीवरच्या बुद्धविहारात प्रोजेक्टर घेऊन गेली होती. पडदा नव्हता म्हणून बायकांनी पांढरी चादर बांधली. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर चप्पल काढून ती उभी राहिली तेव्हा तिला एकदम घरच्यासारखं वाटलं. लालबागच्या चाळीतलं विहार, आईचा पांढऱ्या साडीचा पदर, रविवारची वंदना, वंदनेनंतरचे गरम शेंगदाणे. कार्यालयात कधी न फुटणारा आवाज तिला तिथे फुटला. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे इशाऱ्यांचे रंग तिने समजावले. पुढे बसलेली एक पाचवीतली मुलगी उठून चादरीजवळ आली आणि तिने विचारलं, “ह्याच्यात आमचं घर कुठाय?” सगळे हसले. रश्मीने चादरीवर बोट टेकवलं, तर चादर हलली आणि मुंबईही हलली. “इथं,” ती म्हणाली. ती आकांक्षा. तिच्या आजीने, जाईबाईने, मागून आवाज दिला, “ताई, सरळ सांगा. लाल आला म्हंजे घर सोडायचं. बरोबर का नाय?”

“बरोबर.”

“मग सोडू की. शाळा हाय खाली, तिथं जाऊन बसू. आपल्याला काय गठुडं बांधायचंय?”

जाईबाईने तिचा नंबर घेतला आणि पाऊस लागल्यापासून फोन करत राहिली. भिंतीखालच्या सगळ्या घरांना तीच बाहेर काढायची. जूनमध्ये एकदा लाल इशारा दिला तेव्हा ती माणसं खरोखर शाळेत जाऊन बसली, आणि पाऊस ठाण्याकडे जाऊन पडला. संध्याकाळी जाईबाईचा फोन आला, “तुमचा पाऊस वाट चुकला बरं का, ताई.” ती हसत होती. रश्मीही हसली, पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, आता ही माणसं पुढच्या वेळी निघतील का? जुलैच्या त्या सकाळी तिने स्वतःहून फोन केला. आज खरं आहे, असं सांगितलं. “निघतो,” जाईबाई म्हणाली. तेवढंच बोलणं झालं. संध्याकाळी भिंत कोसळली. चार घरं गेली. जाईबाई गेली, आकांक्षा गेली. आकांक्षाची आई चंपा कामावर होती म्हणून राहिली. कुठल्या तरी कार्यालयाने अहवाल लिहिला आणि त्यातलं एक वाक्य सगळीकडे फिरलं: पूर्वसूचना देऊनही रहिवाशांनी स्थलांतर केले नाही. रश्मी टेकडीवर गेली नाही. तिला रडू आलं नाही. तिला राग आला. निघतो म्हणालात आणि निघाला नाहीत. पोरीला घेऊन बसलात. एकदा चुकलं म्हणून धरून बसलात. सकाळी केस विंचरताना, बाजारातून येताना, बोंबील निवडताना ती मनातल्या मनात जाईबाईशी भांडायची. या भांडणावर आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. रागात माणूस नीट जेवतो, नीट कामाला जातो. तीही गेली.

घरी आली तेव्हा शामराव, तिचे वडील, खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. गिरणीतल्या मागांनी त्यांचे कान घेतलेले. त्यामुळे ते मोठ्याने बोलत आणि समोरचाही मोठ्यानेच बोलतो अशी त्यांची समजूत होती. चाळ पाडून उभ्या केलेल्या या इमारतीत त्यांना वरचा मजला मिळाला होता आणि खाली उतरायचा त्यांना कंटाळा यायचा. शेजारचे कुणी आले की ते रश्मीची टीव्हीवरची जुनी मुलाखत फोनवर लावून दाखवत.

“आज तो लवू आलेला,” ते ओरडले. “त्याला बोललो, आमची रश्मी ढगाच्या वरून बघते. खालून काय कोणी पण बघतो!”

“चहा घेतलात का, बाबा?”

“घेतला. पुढच्या आठवड्यात लेक्चर हाय ना तुझं? निळी साडी नेस. आईची.”

ती हो म्हणाली. तिने कुकर लावला. वडिलांच्या तोंडावर तो समाधानी उजेड होता, मुलगी शिकली, सरकारी खुर्चीत बसली, आकाशाचं तिला कळतं, याचा. तो उजेड बघवेना म्हणून ती ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत राहिली. यांना काय सांगायचं? की मी वरून सगळं बरोबर बघितलं होतं, वेळेवर सांगितलं होतं, रंगसुद्धा बरोबर होता, आणि खाली त्याचा काही उपयोग झाला नाही? ते म्हणाले असते, मग तुझी काय चूक? आणि खरंच, तिची काही चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती.

शनिवारी ती चंपाला शोधत माटुंग्याला गेली. का जातोय हे तिला धड सांगता आलं नसतं. प्रशिक्षणात त्या दिवसाचं सगळं दाखवायचं तर निदान तिला विचारावं, एवढं एक सभ्य कारण तिने स्वतःपाशी तयार ठेवलं होतं. चंपा आता शीवला भावाकडे राहते आणि मार्केटातल्या फुलांच्या दुकानात गजरे करायला बसते असं विहारातून कळलं होतं. ती फळीवर पाय दुमडून बसली होती, मांडीवर ओल्या फडक्यात अबोली, आणि बोटं बघितल्याशिवाय चालत होती. तिने रश्मीला ओळखलं. हात न थांबवता म्हणाली, “बसा, ताई. ओलं हाय, जरा बघून.”

रश्मी बसली. मोगऱ्याचा, केळीच्या पानांचा आणि शेजारच्या कॉफीच्या दळणाचा वास एकमेकांत मिसळला होता. ती प्रशिक्षणाबद्दल बोलली, त्या दिवसाच्या चित्रांबद्दल बोलली, नाव घेणार नाही म्हणाली. चंपा ऐकत होती. मग रश्मीच्या तोंडून निघून गेलं, “त्या दिवशी निघायला हवं होतं हो त्यांनी. मी सकाळीच फोन केला होता.”

चंपाची बोटं थांबली.

“निघालेली ना.”

“काय?”

“आई निघालेली, ताई. सगळ्यांना घेऊन. आकांक्षाला घेऊन. तुमचा फोन आला, लगेच निघाली ती.” चंपाने दोरा दातात धरून तोडला. “शाळेला कुलूप होतं.”

रश्मीला पटकन अर्थ लागला नाही. “कुलूप कसं? जूनमध्ये तर…”

“जूनमध्ये लाल दुपारी आलेला, शाळा चालू होती. त्या दिवशी सुट्टी दिली ना सगळ्या शाळांना. लाल आलेला म्हणून. वॉचमन पण गेला घरी. आईनी गेट वाजवला, मागच्या बाजूनी बघून आली. पोरं भिजत होती पायरीवर. मग मला फोन केला हिथं दुकानात. बोलली, शाळा बंद हाय, काय करू? पोरीला ताप हाय अंगात.” ती फडक्यातली फुलं उगाच सारखी करत होती. “मी बोलले, घरी जा. भिजवू नको तिला.”

दुकानदाराने कुणाला तरी केळीचं पान मोजून दिलं. रस्त्यावर एक बस लांबलचक ब्रेक मारत थांबली. रश्मीला आपल्या गालाची कातडी वेगळी, सैल, दुसऱ्याची असल्यासारखी वाटली. इतके महिने जिच्याशी ती भांडत होती ती बाई तिचं ऐकून, पोरीचा हात धरून, पावसात उतारावरून खाली आली होती, आणि गेट वाजवत उभी राहिली होती. सुट्टी का दिली होती? इशारा दिला म्हणून. इशारा कुणी दिला होता? आदल्या दुपारच्या बैठकीत लाल करा असं म्हणणारी पहिली तीच होती. ते बरोबर होतं. सुट्टी देणंही बरोबर होतं. वॉचमन घरी गेला, त्यालाही घर होतं. कुणाचंच काही चुकलेलं दिसत नव्हतं आणि एकेक बरोबर गोष्ट दुसरीला लागून त्या कुलपापर्यंत गेली होती.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?” तिने कसंबसं विचारलं.

“कोणी विचारलं नाय. साहेब आलेले, ते बोलले, फोन आलेला का? मी बोलले, आलेला. त्यांनी लिहून घेतलं, गेले.” चंपाने पुन्हा दोरा घेतला. “तुम्ही दाखवा तुमची चित्रं. मला काय. मला ती बघायला बोलवू नका फक्त.”

निघताना चंपाने तिला गजरा दिला. नको म्हणता येईना. रश्मीने तो पर्समध्ये ठेवला, आणि शीवच्या बाजूला, उलट्या दिशेनेच चालत गेली. मग भानावर येऊन परत फिरली. डोक्यात जाईबाईशी बोलायची सवय होती, ती सुरू झाली आणि पहिल्याच वाक्याला अडकली. निघाला का नाहीत, हे वाक्य आता म्हणता येत नव्हतं. दुसरं वाक्य तिच्याकडे नव्हतं. किंग्ज सर्कलच्या बागेच्या कठड्याला धरून ती थोडा वेळ उभी राहिली. वर जानेवारीचं आकाश होतं. धुरकट, कोरडं, एकही ढग नसलेलं. उपग्रहाच्या चित्रात आज नुसता काळा समुद्र आणि राखाडी जमीन दिसत असेल. तिला त्या रागाची अक्षरशः आठवण यायला लागली, जशी गेलेल्या माणसाची येते.

सोमवारी तिने हितेंद्र सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते. जुलैच्या त्या संध्याकाळी जिन्यात भिंतीला टेकून उभं राहिलेलं तिने त्यांना बघितलं होतं.

“भयंकर आहे,” ते म्हणाले. “पण रश्मी, आपण इशारा देणारं खातं आहोत. शाळेचं कुलूप आपण उघडणार आहोत का?”

“निदान ते वाक्य खोटं आहे, सर. स्थलांतर केले नाही, हे. ते आपण आपल्या सादरीकरणात घेतलंय.”

“ते काढ. काढून टाक.”

“आणि खरं काय झालं ते?”

त्यांनी चष्मा परत चढवला. “तोंडी सांग पाहिजे तर. लिहू नकोस. चौकशी संपलीये, पुन्हा उघडली तर तो वॉचमन जाईल कामावरून. दुसरं काही होणार नाही. तुलाही ठाऊक आहे.”

तिला ठाऊक होतं. ती टेबलाशी आली, ते वाक्य पुसलं. तिथे पांढरी जागा राहिली. मग खालची ओळ आपोआप वर सरकली आणि जागाही राहिली नाही.

प्रशिक्षणाच्या दिवशी ती आईची निळी साडी नेसून गेली. वर्गात एसीची घरघर होती आणि नव्या पिशव्यांचा रेक्झिनचा वास. ती चांगलं बोलली. तिला स्वतःलाच ते ऐकू येत होतं. ढगमाथा जितका गार तितका ढग उंच, हा बघा दुपारी कसा गार होत गेला, हा बघा जागचा हलत नाहीये, इथे आपल्याला कळायला हवं. माणसं मान हलवत लिहून घेत होती. डाग आला, बसला, राहिला. मग तिने चित्र थांबवलं आणि टेकडीबद्दल, गेटबद्दल, पायरीवर भिजणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं. नावं घेतली नाहीत. आवाज एकाच ठिकाणी फाटला. तो तिने खोकून झाकला. रायगडहून आलेली इरावती नावाची एक तरुण अधिकारी पुढच्या बाकावर होती. तिने हात वर केला. तिचे डोळे भरलेले होते आणि प्रश्न अगदी खरा होता.

“मॅडम, मग त्या दिवशी काय करायला हवं होतं? इशारा द्यायला नको होता का?”

“द्यायलाच हवा होता.”

“मग?”

सगळे तिच्याकडे बघत होते. शिकायला आलेली, वही उघडी ठेवलेली माणसं. रश्मीला वाटलं, आता काहीतरी सांगायला हवं. समन्वय, आधीची तयारी, किल्ल्या कुणाकडे, असे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते सगळे खरेही होते. ती या वर्गात ते कितीदा बोलली होती. किल्ली एकाकडे दिली तर तो गावाला जाईल, दुसऱ्याकडे दिली तर छप्पर गळकं असेल, आणि भिंतीखाली घरं राहतीलच, कारण ती माणसं हौसेने तिथे राहत नव्हती.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

कुणीतरी पेनचं टोपण लावल्याचा आवाज झाला. मग दार ढकलून चहाचा ट्रे आत आला आणि खुर्च्या सरकल्या. मागचे दोघं परतीच्या गाड्यांचं बोलू लागले. इरावती वही मिटून चहा घ्यायला गेली. अभिप्रायात बहुतेकांनी व्याख्यान उत्तम झाल्याचं कळवलं. सरांनी ते आनंदाने सांगितलं, आणि गिरगावातल्या एका महिला मंडळाने उन्हाळ्यात बोलावलंय, जाशील ना, असं विचारलं. ती “जाते” म्हणाली.

मार्च लागला. समुद्रावरची चित्रं कोरीच येत होती. एका दुपारी ती कार्यालयातून लवकर निघून दादरला वडिलांची औषधं घेत होती, तेव्हा चंपाचा फोन आला. चंपाने आधी कधी फोन केला नव्हता. रश्मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरून बाजूला उभी राहिली.

“ताई, मी परत वरती आले राहायला. टेकडीवर.”

“का? शीवला भाऊ होता ना तुमचा?”

“त्याच्या पोराचं लग्न ठरलं. एक खोली हाय, ते तरी कुठं घालतील मला. हिथं मावशीची जागा रिकामी होती. भिंत पडली तिथं नाय, जरा वरच्या अंगाला हाय.”

वरच्या अंगाला म्हणजे कुठे, ते रश्मीला डोळ्यांपुढे दिसलं. तिथली माती गेल्या पावसात मोकळी झालेली, आणि आता खाली धरायला भिंतही नाही. तिने डोळे मिटले. नका राहू, असं म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं आणि त्याच्यापुढचं वाक्य तिला सापडेना. माझ्याकडे या, असं ते वाक्य असायला हवं होतं. घरी दोन खोल्या होत्या, वडील आणि ती, दोघंच. ती ते म्हणाली नाही. चंपानेही तेवढा वेळ वाट बघितल्यासारखं वाटलं, किंवा ती फक्त श्वास घेत होती.

“ताई, पावसाळ्यात फोन कराल ना मला? आईला केलेलात तसा?”

“करेन,” रश्मी म्हणाली.

“नक्की करा. मी एकटीच हाय आता, लवकर निघता येईल.”

फोन बंद झाला. औषधाच्या दुकानातला माणूस तिचं नाव दोनदा पुकारून थकला होता. तिने वर जाऊन पाकीट घेतलं. मग तिथेच उभ्या उभ्या चंपाचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवला. नावापुढे काय लिहावं हे तिला कळेना, म्हणून तिने नुसतं चंपा लिहिलं.